पोहणाऱ्याने मासे घडवले तर बिघडलं कुठे?

माझ्या भाच्याने क्रीडा कोट्यातून मिळालेली सरकारी नोकरी सोडली. आता तो मालवणात राहून ब्राँझचे मासे घडवतो, ओतकाम कोल्हापुरात करून घेतो. आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेव्हापासून एकच सूर आहे: खेळाडूंसाठी राखलेल्या पाच टक्क्यांतली जागा अडवली, सोडली, मेडलं फुकट गेली.

मला याचा राग येतो. इथे सॅन डिएगोत आमच्या मास्टर्स ग्रुपमध्ये, म्हणजे मोठ्या वयात पोहणाऱ्यांच्या गटात, साठीचे एक गृहस्थ आहेत, कॉलेजात वॉटर पोलो खेळलेले. ते ग्रे व्हेल, ऑक्टोपस, गॅरिबाल्डी नावाचा नारिंगी मासा यांची शिल्पं करतात. पोलो वाया गेलं, असं त्यांना कुणी ऐकवत नाही.

मासा शेपूट डावी-उजवीकडे मारतो, डॉल्फिन वर-खाली. हे पुस्तकात सापडतं. पण डॉल्फिनचा तो झटका शेपटीच्या कितीतरी आधी, धडातून सुरू होतो, हे डॉल्फिन किकवर, म्हणजे दोन्ही पाय जोडून वर-खाली मारत, तलावाच्या लांब्या काढलेल्या माणसाला अंगातूनच कळतं. भाच्याने मेणाच्या डॉल्फिनचा फोटो पाठवला तेव्हा मी आधी पाठ बघितली. अगदी बरोबर होती.

आणि हा काही निवांत छंद नव्हे. मेणावर सिलिकाचे थर चढवायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, भट्टीत मेण वितळवून काढायचं, हजार अंशांवर तापलेलं ब्राँझ त्या पोकळीत ओतायचं. मग कवच फोडा, जोड वेल्ड करा, घासा, रसायन लावून ज्योतीवर रंग आणा. पहाटे पाचला तलावात उतरत आलेल्या मुलाला ही शिस्त नवीन नाही.

दादा म्हणतो, हे तुमच्या अमेरिकेतले चोचले. नगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली ब्राँझचे गेंडा, हत्ती, म्हैस आणि बैल जुंपलेला रथ सापडला, तो काय अमेरिकेतून आला होता? आणि वॉल्टर विनान्सने १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये नेमबाजीचं सुवर्ण मिळवलं, १९१२ ला ब्राँझच्या घोड्यासाठी शिल्पकलेचं. तेव्हा ऑलिंपिकमध्ये कलेलाही पदकं होती.

मीही राज्य पातळीवर पोहत होते. ते सोडून इंजिनिअर झाले, इकडे आले, तर सोसायटीने माझा सत्कार केला. माझी मेडलं फुकट गेली नाहीत. मी देश सोडलेला चालतो, त्याने नोकरी सोडलेली चालत नाही.

हे ग्रुपवर लिहिलं. दादाचं उत्तर आलं: "तू तिकडे बसून बोलतेस. नाही जमलं तर सांभाळायचं आम्हालाच." ते झोंबलं, कारण ते खरं आहे. आईच्या आजारपणातही इथून पैसे आणि मतं तेवढी गेली, रात्री दवाखान्यात दादाच बसला. त्या घरात माझं मत किती धरायचं, हे आता तेच ठरवतात.

तरी मत मागे घेणार नाही. रिकाम्या जागेवर दुसरा खेळाडू येईल. भाचा आता ऑलिव्ह रिडले कासव करायला घेतोय. त्याला फोनवर सांगितलं, वल्ह्यासारखे पुढचे पाय आधी नीट बसव, कासवाचं पोहण्याचं बळ तिथे असतं. "माहितीये गं आत्या," म्हणाला.