एमएस्सी हा फक्त पहिला टप्पा

ब्रिटनमध्ये एक वर्षाची एमएस्सी केली की क्रीडा मानसशास्त्रज्ञ होता येतं, असा क्रीडा क्षेत्रातल्या शिक्षणावरच्या एका लेखाचा सूर आहे. हा समज मुलांना महागात पडेल. तिथे 'स्पोर्ट अँड एक्सरसाइज सायकॉलॉजिस्ट' हे नाव कायद्याने संरक्षित आहे; एचसीपीसी या तिथल्या नियामक संस्थेच्या नोंदणीशिवाय लावता येत नाही. त्या नोंदणीसाठी एमएस्सीनंतर साधारण दोन वर्षं देखरेखीखाली काम, नाहीतर व्यावसायिक डॉक्टरेट. आणि मुलं अडकतात ती त्याही आधी: ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची जीबीसी पात्रता (म्हणजे मानसशास्त्राची पदवी सोसायटीने ग्राह्य धरणं) नसेल, तर आधी ती कमतरता भरून काढणारा कन्व्हर्जन कोर्स करावा लागतो. आपली बीए आपोआप धरली जात नाही, म्हणून फी भरण्यापूर्वी सोसायटीकडूनच तपासून घ्या.

तसंच स्पोर्ट्स थेरपीची एमएस्सी फिजिओथेरपिस्ट बनवत नाही. भारतात स्पोर्ट्स फिजिओ व्हायचं तर आधी बीपीटी (फिजिओथेरपीची पदवी), मग स्पोर्ट्समधली दोन वर्षांची एमपीटी (पदव्युत्तर पदवी).