मेंदू एकच, म्हणून विचारही एकच?

सध्या एक संदेश फार फिरतो आहे. माणसाचा मेंदू जगभर सारखा, म्हणून बघणं आणि विचार करणंही सारखंच. संस्कृतीचा फरक काय तो कपड्यांत आणि सणांत. कुणी वेगळा विचार करताना दिसलाच, तर तो अडाणीपणा. आणि हे मान्य नसेल, तर फरक रक्तातच आहे असं म्हणावं लागेल. मेंदूबद्दलचं पहिलं वाक्य मान्य. बाकीचं चूक आहे, आणि अडाणीपणाचा शिक्का तर अन्यायाचा आहे.

आधी बघण्याचं. ताकाहिको मासुदा आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी जपानी आणि अमेरिकी विद्यार्थ्यांना पाण्याखालची दृश्यं दाखवली आणि काय दिसलं ते सांगायला लावलं. २००१ साली त्यांनी निष्कर्ष छापले. पुढच्या मोठ्या माशाबद्दल दोघंही बोलले. पण पाणी, तळ, वनस्पती यांचा उल्लेख जपानी विद्यार्थ्यांनी बराच जास्त केला. डोळे तेच, लक्ष वेगळीकडे.

आता तर्काचं. इथे जरा थांबायला हवं, कारण ‘अडाणी’ हा शिक्का इथेच बसतो. सोव्हिएत मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया यांनी १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या शेतकऱ्यांना विचारलं: दूर उत्तरेला, जिथे बर्फ असतो, तिथली सगळी अस्वलं पांढरी असतात, नोवाया झेम्ल्या दूर उत्तरेला आहे, तर तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? निरक्षर शेतकऱ्यांपैकी अनेकांनी उत्तरच दिलं नाही. आम्ही तिथे गेलो नाही, न पाहिलेल्याबद्दल कसं सांगणार, असं त्यांचं म्हणणं. याला तर्काचा अभाव म्हणायचं? जे पाहिलं नाही त्याबद्दल बोलू नये. हे आम्ही पाहिलेलं नाही. म्हणून बोलणार नाही. हा पक्का तर्कच आहे! त्यांना नामंजूर होती ती परक्या माणसाच्या शब्दावर विसंबण्याची अट. थोडंसं शालेय शिक्षण झालेल्यांनी तोच प्रश्न सहज सोडवला. एवढ्याशा शिक्षणाने मेंदू नवा होत नाही. कोणत्या प्रश्नाला कसं उत्तर अपेक्षित आहे, ते कळतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियातल्या क्पेले जमातीच्या शेतकऱ्यांचंही असंच. वस्तूंचे गट पाडा म्हटल्यावर ते सुरी बटाट्याजवळ ठेवत, कारण सुरीने बटाटा कापतात. शहाणा माणूस असंच करेल, असं ते सांगत. शेवटी संशोधकांनी विचारलं, मूर्ख माणूस कसं करेल? तेव्हा त्यांनी हत्यारं एकीकडे, खाण्याच्या वस्तू दुसरीकडे, असे चोख गट लावून दाखवले. क्षमता आधीपासून होतीच.

राहिला रक्ताचा मुद्दा. मानसशास्त्रज्ञ थॉमस टॅलहेल्म आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये चीनमधल्याच हान, म्हणजे तिथल्या बहुसंख्य वंशाच्या, विद्यार्थ्यांची तुलना केली. दक्षिणेच्या भातपट्ट्यातले विद्यार्थी वस्तू परस्परसंबंधांवरून जोडण्याकडे जास्त झुकले, उत्तरेच्या गहूपट्ट्यातले प्रकारावरून. हा फरक भात आणि गव्हाच्या वेगळ्या शेतीमुळे पडला, हे त्यांनी दिलेलं कारण वादाचं आहे, आणि त्यावर वाद व्हायलाच हवा. पण दोन्हीकडचे विद्यार्थी हानच होते.