थेरेमिन एकट्याने शिकणं फार अवघड

थेरेमिनवादकांसाठीच्या शनिवार-रविवारच्या कार्यशाळेबद्दल आणि संध्याकाळच्या मैफलींबद्दल वाचून खूप आनंद झाला. रशियन संशोधक लेव्ह थेरेमिन यांनी १९२०च्या सुमारास बनवलेलं हे इलेक्ट्रॉनिक वाद्य हात न लावता वाजवायचं असतं. उजवा हात उभ्या अँटेनाजवळ नेला की स्वर चढतो, डावा हात आडव्या वळ्याजवळ नेला की आवाज कमी होतो. पडदे नाहीत, तारा नाहीत, बोटांना आधार कुठलाच नाही. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, आपोआप निघते; कस लागतो तो एका स्वरावर स्थिर उभं राहण्यात! मी तीन वर्षं एकटीच शिकतेय. हाताचा कोन किंचित चुकतोय हे स्वतःला दिसत नाही, समोरच्या जाणकाराला लगेच दिसतं. म्हणून अशा कार्यशाळा हव्यातच.

आयोजकांना एक कळकळीची विनंती. दोन वाद्यांमध्ये भरपूर अंतर ठेवा. शेजारी कुणी नुसतं हललं तरी स्वर सरकतो, आणि वाद्यं जवळजवळ असली तर एकमेकांत ढवळाढवळ करतात. सुरू केल्यावर थोडा वेळ वाद्य तापू द्यावं, मगच सूर जुळवावा.

प्रसिद्ध थेरेमिनवादक क्लारा रॉकमोर मूळच्या व्हायोलिनवादक. हाताच्या दुखण्याने व्हायोलिन सुटलं, तेव्हा त्या थेरेमिनकडे वळल्या आणि त्यांनी हवेतच बोटं ठेवण्याची स्वतःची पद्धत बसवली. त्यांची ध्वनिमुद्रणं नव्या लोकांना पहिल्याच सकाळी ऐकवा. हे वाद्य म्हणजे भुताच्या सिनेमातला आवाज, हा समज तिथेच गळून पडेल.