डिक्सी डीनचे साठ गोल फुकटचे नव्हते

इंग्लंडच्या फुटबॉल लीगमध्ये मँचेस्टर सिटीच्या एर्लिंग हालांडने २०२२-२३ च्या मोसमात ३६ गोल केले, तेव्हापासून एक दावा फिरतोय: एव्हर्टन क्लबच्या डिक्सी डीनने १९२७-२८ मध्ये केलेले ६० गोल ही ऑफसाइडच्या बदललेल्या नियमाची कृपा, तेव्हा सामनेही जास्त असत, आणि त्या एका मोसमापलीकडे त्याने केलं काय? वाचून राहवलं नाही.

नियमाच्या मुद्द्यात तथ्य आहे. १९२५ पर्यंत पास घेणाऱ्याच्या पुढे प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत, नाहीतर तो ऑफसाइड; त्या वर्षी दोन पुरेसे झाले. पहिल्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च विभागातले गोल एका वर्षात ११९२ वरून १७०३ वर गेले. पण नियम काय एकट्या डीनसाठी बदलला होता? बचावफळ्या गोंधळलेल्या असतानाच्या त्या पहिल्या मोसमात सर्वाधिक गोल ब्लॅकबर्नच्या टेड हार्परचे होते, ४३. डीनच्या मोसमापर्यंत संघ मधल्या फळीतल्या सेंटर हाफला मागे, दोन फुलबॅकच्या म्हणजे बचावपटूंच्या मधे आणू लागले होते. मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने १९२६-२७ मध्ये ५९ केले खरे, पण दुसऱ्या विभागात. हाच नियम पुढे कित्येक दशकं टिकला, तरी पहिल्या विभागात दुसऱ्या कुणाला पन्नाशी गाठता आली नाही. ॲस्टन व्हिलाचा पाँगो वेअरिंग ४९ वर थांबला.

सामने जास्त? मोसम ४२ सामन्यांचा होता, डीन त्यातले ३९ खेळला. हालांड ३५ खेळला. भागाकार ज्याचा त्याने करावा.

आणि हे गोल कुणी केले तेही बघा. जून १९२६ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात डीनची कवटी आणि जबडा फुटला होता. हा आता खेळणार नाही, असं डॉक्टरांना वाटत होतं. तेव्हाचा चेंडू चामड्याचा, वर वादी आवळलेली. पावसात पाणी पिऊन जड व्हायचा. तो या माणसाने त्याच डोक्याने गोलात मारला. ५ मे १९२८, एव्हर्टनचं मैदान गुडिसन पार्क, समोर आर्सेनल. डीन ५७ वर होता. सुरुवातीलाच दोन गोल झाले, त्यातला एक पेनल्टीवर. मग प्रतीक्षा, थेट शेवटच्या काही मिनिटांपर्यंत. ॲलेक ट्रूपने डावीकडून कॉर्नर घेतला, डीन उसळला आणि हेडर जाळ्यात. साठ. सामना ३-३ सुटला, ते कोण लक्षात ठेवतो!

राहिला 'एकच मोसम'. एव्हर्टनसाठी लीगमध्ये ३९९ सामने, ३४९ गोल. इंग्लंडसाठी १६ सामन्यांत १८. १९३० मध्ये संघ दुसऱ्या विभागात घसरला, तरी तो एव्हर्टनमध्येच राहिला. १९३१ मध्ये दुसरा विभाग जिंकला, १९३२ मध्ये पहिला, आणि १९३३ च्या एफए कप या बाद फेरीच्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीला ३-० हरवताना कर्णधार तोच होता, तीनातला एक गोलही त्याचाच.