मुलांचे पैसे आणि मावशीची चूल

ताई,

नावाच्या जागी तुम्ही नुसतं 'एक मावशी' असं लिहिलंत, म्हणून ताई म्हणतो. कामावर मेलेल्या माणसाच्या भरपाईतला मुलांचा वाटा बँकेत ठेव म्हणून कुलूपबंद ठेवतात ते चांगलंच आहे, असं मी मागच्या लेखात लिहिलं. त्यावर तुम्ही विचारलंत, "भाचा-भाची माझ्याकडे दोन्ही वेळा जेवतात, ते काय तुमचं कुलूप खाऊन?" शिवाय, बहिणीनं दुसरं लग्न केल्याबरोबर तिचे पैसे बंद झाले, ही शिक्षा मला दिसली नाही का?

दिसली होती, लिहिली नाही. चूक माझी. ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, विधवेचा हिस्सा हयातभर किंवा पुनर्विवाहापर्यंत, असं सरळ लिहिलेलं आहे. नवरा गेलेल्या बाईनं पुन्हा घर मांडलं की तिची झीज भरून निघाली, हा हिशेब ज्यानं केला त्यानं दुसऱ्या घरात गेलेली बाई जवळून पाहिलेली नसावी.

पण यात मुलांच्या बाजूची एक गोष्ट आहे. तुमच्या मेहुण्यांचा अपघात २०२१ चा, म्हणजे १९४८ च्या ईएसआय कायद्यातला (नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली). समजा त्यांना रोज पाचशे रुपये पगार पडत होता. त्याचे नव्वद टक्के, म्हणजे ४५० रुपये रोज, हा पूर्ण दर. विधवेला त्यातले तीन पंचमांश, प्रत्येक मुलाला दोन पंचमांश. दोन मुलं धरली तर बेरीज सात पंचमांश होते, म्हणून सगळ्यांचं कापून ४५० मध्ये बसवतात. दोन्ही मुलांना मिळून रोज सुमारे २५७ येतात. आईचा हिस्सा थांबला की मुलांची कपात उठते आणि दोघांचे मिळून ३६० होतात. वाटणीचा फेरविचार तिथे करता येतो, पण लग्न झाल्याचं कळवावं लागतं. सगळंच बंद होईल या धास्तीनं लोक कळवत नाहीत, आणि मग जास्तीचे गेलेले पैसे वसुलीला निघतात. तुमच्याकडे कळवलंय, पण मुलांचा आकडा वाढला का? पासबुक काढून बघा.

आता कुलूप. ते तुमच्या घराला नाहीच. ते १९२३ च्या भरपाई कायद्यातलं (तोही २०२५ मध्ये त्याच संहितेत गेला), म्हणजे जिथे ईएसआय नाही तिथलं. दोन्हीकडून पैसे मिळत नाहीत. मी लेखात दोघांची खिचडी केली. तरी त्या कुलपाची बाजू मी सोडणार नाही. इंदूरच्या सांवेर रोडवरच्या औद्योगिक वसाहतीत मी बावीस वर्षं पगारपत्रकं लिहिली. २००९ मध्ये एक ठेकेदार प्लास्टिकच्या पिशवीत दोन लाख घेऊन आला होता. समोर बाई, कडेवर मूल, स्टँप पेपर आणि शाईचं पॅड. "अब कोई लेना-देना नहीं" असं तीनदा लिहून घेतलं. अंगठा उमटवून तिनं तो पदराला पुसला. आठवड्याभरात दिराच्या दारात नवी रिक्षा उभी. खरं तर त्या कायद्यात मृत्यूची भरपाई सरकारच्या भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागायची. परस्पर दिलेली रक्कम दिली असं धरतच नसत (आगाऊ म्हणून तीन महिन्यांच्या पगाराइतकी चालायची), आणि हक्क सोडल्याचा तसला कागद रद्दबातल. हे तेव्हा मला ठाऊक नव्हतं. मी पंचांमध्ये सही केली.

तेव्हा ते कुलूप ठेकेदारासाठी आणि दिरासाठी आहे, मावशीसाठी नव्हे. त्या कायद्यात त्याला किल्लीही होती: मुलांच्या पैशातून त्यांच्या फायद्यासाठी खर्च करू द्या, असा अर्ज आयुक्तांकडे करता यायचा. पालकानं मुलांची हेळसांड केली तर आधीची वाटणीही ते बदलू शकत.

तुमचं अडलंय ते मुलांच्या पैशांसाठी लागणाऱ्या पालकाच्या सहीपाशी. वडिलांनंतर आई नैसर्गिक पालक, आणि लग्न केल्यानं ती पालक राहत नाही असं नाही. ती खंडव्याला, मुलं इंदूरला. तुम्ही कागदावर कोण? मेहुणी. अवलंबितांच्या यादीत मेलेल्याची आई आहे, भावंडं आहेत, विधवा सून आहे. बायकोची बहीण कुठेच नाही. खिडकीवरचा बाबू म्हणाला, "साली इसमें नहीं आती", तर नियमानं तो बरोबरच होता. आवाज थोडा कमी ठेवायला हवा होता, एवढंच. माणूस गेला तेव्हा त्याच्यावर कोण अवलंबून होतं, एवढंच कायदा विचारतो. उद्या मुलांना डबा कोण भरून देणार, हे विचारायला त्याच्या फॉर्मात रकानाच नाही. इथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात.

वाट आहे, पण लांबची. १८९० च्या पालक कायद्याखाली जिल्हा न्यायालयात अर्ज करून पालक म्हणून नेमणूक मागायची. बहिणीची लेखी संमती असेल तर पुष्कळ सोपं जातं, आणि तुमच्या लिहिण्यावरून ती देईल असं वाटतं. फीच्या पावत्या, डॉक्टरच्या चिठ्ठ्या, शाळेच्या दाखल्यावरचा तुमचा पत्ता, सगळं एका पिशवीत ठेवा. वेळ लागेल. इंदूरची हुकुमचंद मिल १९९१ ला बंद पडली आणि कामगारांचे थकलेले २२४ कोटी २०२३ च्या डिसेंबरात निघाले, तोवर कितीतरी घरांत पैसे घ्यायला मुलगा नाहीतर नातूच उरला होता. म्हणून म्हणतो, बहिणीची संमती या दिवाळीतच, ती माहेरी आली की लिहून घ्या.

मागच्या लेखात 'पैसे मुलांचे, त्यामुळे सांभाळणाऱ्यानं त्यावर नजर ठेवू नये' असं एक वाक्य होतं. ते आज काढलं.