कोक ओतून पोर्कमधले किडे निघत नाहीत, आणि सात शिट्ट्याही नकोत

परवा रात्री साडेअकराला भाच्याचा फोटो आला. तो ओहायोत शिकतोय, आम्ही न्यू जर्सीत. फोटोत स्टीलच्या पातेल्यात कोक, कोकमध्ये पोर्क टेंडरलॉइनचा अख्खा तुकडा, वर तपकिरी फेस, फेसात पांढरी दोऱ्यासारखी काहीतरी आणि त्याभोवती त्याने लाल गोल काढलेला. खाली मेसेज, "मावशी, हे तेच ना?"

तेच म्हणजे कोल्हापूरहून ताईने पाठवलेल्या फॉरवर्डमधले किडे. ताईला तो कुठल्याशा ग्रुपवर मिळाला, मुलगा परदेशात काहीबाही खातोय म्हणून तिने लगेच पुढे ढकलला. फॉरवर्डचा सारांश असा: पोर्कवर कोक ओतून तीन तास बाहेर ठेवा, किडे बाहेर येतील, नाही आले तर मांस चांगलं, पोर्क खाल्लं की किडा मेंदूत जातो, डुकराला घाम येत नाही म्हणून सगळं विष मांसात राहतं, किमान एक तास शिजवा, आत जरा जरी गुलाबी दिसलं तरी फेका, मीठ आधी लावू नका, रस निघून जातो, आणि आधी मोठ्या आचेवर भाजून रस आत लॉक करा. शेवटी हात जोडलेले आणि "सर्वांना पाठवा".

आधी कोक, कारण माझं डोकं तिथेच फिरलंय. पोर्कमधल्या ज्या अळीची जगभर भीती घालतात ती ट्रायकिनेला. ती साधारण एक मिलीमीटरची असते आणि स्नायूच्या पेशीत वेटोळं घालून बसलेली असते, साध्या डोळ्यांना दिसत नाही. लॅबमध्ये ती शोधायची तर मांस बारीक करून हायड्रोक्लोरिक ॲसिड आणि पेप्सिनच्या पाण्यात, ४४ ते ४६ सेल्सिअसला अर्धा तास ढवळत ठेवतात, म्हणजे मांस अक्षरशः पचवतात, मग गाळून मायक्रोस्कोपखाली बघतात. कोकने काम झालं असतं तर एवढा खटाटोप कोणी कशाला केला असता? भाच्याच्या पातेल्यात जे तरंगत होतं ते मांसातलं प्रोटीन, ॲसिडने नासून गोळा झालेलं. दुधात लिंबू पिळल्यावर जे होतं त्यातलाच प्रकार. बुडबुडे गॅसचे.

आणि हा नुसता येडेपणा असता तर मी हसून सोडलं असतं. पण कच्चं मांस तीन तास ओट्यावर ठेवायचं! इथला साधा नियम आहे की ते फ्रीजबाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, बॅक्टेरिया भराभर वाढतात. म्हणजे नसलेला किडा शोधायच्या नादात पोट बिघडायची सोय स्वतःच करून घ्यायची, आणि वर "किडे आले नाहीत, मांस चांगलं" असं सर्टिफिकेट द्यायचं. तो तुकडा मी त्याला फेकायला लावला.

आता मेंदूतला किडा. इथे मला थोडं मान्य करावं लागेल, नाइलाज आहे. पोर्कमधला फीतकृमी खरा आहे आणि आपल्याकडे जिथे डुकरं उघड्यावर घाणीत फिरतात तिथे त्याचा धोकाही खरा आहे, त्यामुळे भारतात पोर्क घेताना कुठून घेतोय ते बघायलाच पाहिजे. पण फॉरवर्डवाल्याने गाडी उलटीच जोडलीय. अर्धंकच्चं, अळीच्या गाठी असलेलं पोर्क खाल्लं तर कृमी होतो तो आतड्यात. मेंदूत गाठी होतात त्या कृमीची अंडी पोटात गेल्यामुळे, आणि ही अंडी येतात ज्याच्या आतड्यात कृमी आहे त्या माणसाच्या विष्ठेतून, म्हणजे घाणेरडं पाणी, न धुतलेली कोथिंबीर-काकडी, न धुतलेले हात. म्हणून जन्मात पोर्क न खाल्लेल्या शुद्ध शाकाहारी माणसालाही हा आजार होतो आणि त्यातून फिट्स येतात. कोणाला फिट आली की "पोर्क खाल्लं असेल" म्हणून बोट दाखवून मोकळे होणाऱ्यांनी आधी भाजी धुवावी.

घामाचं एका वाक्यात सांगते, घाम अंग थंड करायला असतो, विष काढायला लिव्हर आणि किडन्या असतात आणि त्या डुकराला आहेत. कोंबडीलाही घाम येत नाही, ताई दर बुधवारी चिकन करते.

एक तास आणि गुलाबी रंग. दुसरा टेंडरलॉइन भाच्याने याच मुद्द्याला घाबरून कुकरला लावला, सात शिट्ट्या. चावून चावून जबडा दुखला म्हणाला. होणारच. टेंडरलॉइन म्हणजे कमरेच्या मणक्याखालची लांबट पट्टी, ज्या स्नायूला फारसं काम नसतं म्हणून मऊ, चरबी जवळपास नाही. जास्त शिजला की लाकूड. तासभर शिजवायचं असतं ते खांद्याचं किंवा पोटाचं चरबीवालं मांस, गोव्यात विंदालूला घेतात तसं, तिथे फॉरवर्ड बरोबर आहे. पण सगळ्या डुकराला एकच नियम?

अमेरिकेच्या कृषी खात्याने, यूएसडीएने, मे २०११ मध्येच अख्ख्या तुकड्यांसाठीचं तापमान १६० फॅरनहाइटवरून १४५ वर आणलं, म्हणजे ७१ सेल्सिअसवरून ६३, आणि वर तीन मिनिटं तसंच राहू द्यायचं. खिमा असेल तर मात्र अजूनही १६० च. १४५ ला मधोमध किंचित गुलाबी राहतं आणि ते कच्चं नसतं, ट्रायकिनेला त्याच्या आधीच मेलेली असते. तशीही इथे ट्रायकिनेलाच्या केसेस वर्षाला जेमतेम पंधरा-वीस, त्यातही बऱ्याच अस्वलासारख्या शिकारीच्या मांसातून. रंग बघून ठरवायचंच नाही, थर्मामीटर खुपसायचा, जाड टोकाला, मधोमध.

मिठाचं अर्धं खरं आहे. मीठ लावून दहा मिनिटांनी बघितलं तर वर पाण्याचे थेंब दिसतात, तेव्हा तव्यावर टाकलं तर भाजायच्याऐवजी वाफवलं जातं. पण पाऊण तास थांबलं की तेच खारं पाणी परत आत जातं. मी आदल्या रात्रीच लावते, सहाशे ग्रॅमला दीड छोटा चमचा. त्याआधी वरचा चंदेरी चिवट पापुद्रा सुरीचं टोक खाली सारून काढते, तो कितीही शिजवला तरी मऊ होत नाही, उलट आकसून तुकडा वाकडा करतो.

रस लॉक वगैरे एकोणिसाव्या शतकातल्या लीबिग नावाच्या जर्मन केमिस्टची थिअरी, कधीच खोटी ठरलीय. तव्यावर चर्र आवाज येतो तो बाहेर पडणाऱ्या पाण्याचाच असतो ना! भाजायचं ते रंगासाठी आणि चवीसाठी. मी मिरपूड आणि भरडलेली बडीशेप लावून सगळ्या बाजूंनी लाल करते, मग ताईनेच पाठवलेला कांदा-लसूण मसाला लोण्यात कालवून वरून चोपडते (आधी लावला तर करपतो, एकदा फायर अलार्म वाजलाय) आणि ४०० फॅरनहाइटच्या ओव्हनमध्ये. पंधरा मिनिटांपासून थर्मामीटर लावून बघायला लागते, बहुतेक वेळा विसाच्या आत होतं. आठ-दहा मिनिटं ठेवून मग कापायचं.

हे सगळं काल ताईला फोनवर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, त्याच्या औषधांच्या डब्यात ताप बघायचा थर्मामीटर दिलाय, तो चालेल का. नाही गं बाई, तो ४२ सेल्सिअसलाच संपतो.