जाड टायरचा मेसेज आणि भाच्याची स्विफ्ट

‘कंपन्या पैसे वाचवायला बारीक टायर देतात. कुठल्याही छोट्या गाडीला २०५/६५ आर१५ आरामात बसतो. पकड दुप्पट, पावसात गाडी घसरणार नाही, मायलेज दोनने वाढेल, गाडी उंच होईल. स्पीडोमीटरला काहीही फरक पडत नाही, कारण तो इंजिनला जोडलेला असतो. बजेट नसेल तर सध्या पुढचे दोनच बदला, इंजिन पुढेच असतं. शोरूमवाले हे कधीच सांगणार नाहीत. जास्तीत जास्त शेअर करा.’

असले मेसेज येतात नि जातात, मी उघडतही नाही. पण माझ्या भाच्याने नुकतीच सेकंडहँड स्विफ्ट घेतली, खालच्या व्हेरिएंटची, चौदा इंची चाकांची. त्याने हा मेसेज मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, शनिवारी टाकून घेऊ का? पुढचे दोन मॅगव्हीलसकट स्वस्तात मिळतायत.’ (मॅगव्हील म्हणजे मिश्रधातूचं शोभेचं चाक.) त्यानंतर ताईचा फोन, की अरे, सगळे ग्रुपवर चांगलंच म्हणतायत. म्हणून हा खटाटोप.

आधी टायरवरचे आकडे वाचायला शिका, कारण मेसेज लिहिणाऱ्याला ते येत नाहीत हे उघड आहे. त्या स्विफ्टला कंपनीचा टायर १६५/८० आर१४. म्हणजे रुंदी १६५ मिलिमीटर, बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी, आणि रिम, म्हणजे टायर ज्यावर चढतो ते धातूचं चाक, १४ इंचांची, म्हणजे ३५५.६ मिमी. वर एक भिंत, खाली एक भिंत, मध्ये रिम. बेरीज ६१९.६. ही चाकाची पूर्ण उंची. मेसेजमधल्या २०५/६५ आर१५ ची बेरीज याच पद्धतीने करा, ६४७.५ येते. जवळजवळ २८ मिमी जास्त, साडेचार टक्के. ‘रुंद टायर’ म्हणून जो विकला जातोय तो उंचही आहे, आणि बहुतेक भानगडी त्या उंचीतून येतात.

आता सरळ शेवटच्या सल्ल्याकडे येतो, कारण बाकीचा मेसेज अडाणीपणा आहे आणि हा सल्ला जिवावर बेतू शकतो. ‘सध्या पुढचे दोनच बदला.’ म्हणजे पुढे पंधराची चाकं, मागे चौदाची! बैलगाडीलासुद्धा दोन्ही बाजूंना सारखी चाकं असतात, पण ते जाऊ दे.

एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. हे एबीएस काय करतं? चारही चाकांपाशी एकेक सेन्सर असतो, तो चाक किती वेगाने फिरतंय ते मोजतो. ब्रेक दाबल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा फार मंदावलं, की ते लॉक व्हायला आलंय असं समजून त्याचा ब्रेक क्षणभर सैल केला जातो. सोबतचं ईबीडी पुढच्या-मागच्या चाकांची तुलना करून मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतं. सगळा हिशोब एका गृहीतकावर उभा आहे, की सरळ रस्त्यावर चारही चाकं सारखीच फिरतात. तुम्ही पुढे साडेचार टक्के मोठी चाकं लावलीत की पुढची कायम हळू फिरणार आणि मागची कायम जलद. सेन्सरच्या नजरेतून मागची चाकं नेहमीच ‘मोकळी फिरतायत, घसरत नाहीत’ अशी दिसणार. म्हणजे ज्या क्षणी मागचा ब्रेक आवरायला हवा, त्या क्षणी हिशोब आधीच चुकलेला. यंत्रणा थोडाफार फरक पचवते, कारण झिजलेला आणि नवा टायर यांच्यात एखाद-दुसऱ्या टक्क्याचा फरक पडतोच. पण साडेचार टक्के म्हणजे त्या सवलतीचा गैरफायदा झाला. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला तर नशीब समजा, निदान कळलं तरी.

आणि सेन्सर बाजूला ठेवा. पुढे नवे कोरे टायर, मागे जुने गुळगुळीत, अशी गाडी पावसात वळणावर मागून सुटते. पुढून घसरली तर माणूस आपसूक ॲक्सिलरेटर सोडतो आणि गाडी बरीचशी सावरते. मागून सुटली तर ती गरकन फिरते, आणि ती सावरायला लागणारा हात आपल्यातल्या शंभरातल्या पाचांकडेही नसेल. टायर कंपन्या म्हणूनच सांगतात, दोनच नवे घेत असाल तर ते मागे लावा, गाडीचं इंजिन कुठेही असो. मेसेज बरोबर उलटं सांगतोय, आणि कारण काय, तर इंजिन पुढे असतं!

स्पीडोमीटर. तो इंजिनला जोडलेला असता तर न्यूट्रलमध्ये रेस दिल्यावर सुई शंभरवर गेली असती. कधी गेलीय? तो चाकाचे, नाहीतर गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याचे फेरे मोजतो आणि एका फेऱ्याला ठरलेलं अंतर धरतो. भाच्याच्या गाडीत ते एका फेऱ्याला साधारण १९४६ मिमी. नवा टायर एका फेऱ्यात २०३४ मिमी जाणार, सुईला त्याचा पत्ता नाही. ती पूर्वी शंभरला शंभर दाखवत असेल तर आता तिच्या शंभरला गाडी एकशे साडेचारने पळते. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मर्यादा आहे. सुई १२० वर धरून निवांत निघालात, तर प्रत्यक्षात १२५.

इथे एक अर्धसत्य आहे आणि ते नाइलाजाने मान्य करतो. कारखान्यातून आलेली सुई खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्तच वेग दाखवते. संयुक्त राष्ट्रांच्या ३९ क्रमांकाच्या वाहन-नियमात हे स्पष्ट आहे: दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी नसावा, आणि जास्त असलाच तर खऱ्या वेगाच्या एक दशांश अधिक ताशी ४ किलोमीटर, त्यापुढे नाही. म्हणजे खरा वेग १०० असेल तर सुई १०० ते ११४ मध्ये कुठेही चालेल, ९९ चालणार नाही. कंपन्या म्हणून थोडी गादी, म्हणजे चुकीला जागा, ठेवतात. मोठा टायर लावणारे हौशी लोक मग मोबाइलचं जीपीएस लावून सांगतात, ‘बघा, आता वेग तंतोतंत जुळतो, म्हणजे हाच टायर बरोबर.’ अहो, तुम्ही गादी खाल्लीत. ती झिजलेल्या-नव्या टायरचा, हवेचा, सेन्सरचा फरक झाकायला होती. आता सुई केव्हा कमी दाखवू लागेल याची शाश्वती नाही.

मायलेजचं गणित याच आकड्यांत बुडतं. ओडोमीटरही, म्हणजे एकूण किलोमीटर दाखवणारा आकडा, तेच फेरे मोजतो. गाडी हजार किलोमीटर गेली की तो सुमारे ९५७ दाखवणार. म्हणजे पेट्रोल तेवढंच लागलं तरी २० चं मायलेज कागदावर १९ च दिसणार. मग हे ‘दोनने वाढलं’ कुणी, कशाने मोजलं? टायर मोठा म्हणून टॉप गिअरला इंजिन थोडं कमी फिरतं हे खरं, ३००० आरपीएमचे २८७० होतील. सपाट रस्त्यावर एकसारख्या वेगात त्याचा किंचित फायदा दिसेलही. पण रुंद टायर वाऱ्याला जास्त अडतो, जास्त जड असतो, आणि सिग्नलला प्रत्येक वेळी ते वजन नव्याने फिरवावं लागतं. खंबाटकी घाटात चार माणसं नि सामान घेऊन चढताना तिसऱ्यावर जाणारी गाडी दुसरा मागायला लागेल. इंजिनाची ताकद काही वाढलेली नाही, तिच्यापुढचं चाक तेवढं मोठं झालंय.

पकड. कोरड्या रस्त्यावर चांगल्या रबराचा रुंद टायर वळणात नक्की बरा वाटतो. वळायला लागताना गाडी लवकर वळते, डुलणं कमी होतं. दुप्पट वगैरे काही नाही. टायर रस्त्याला किती टेकतो हे मुख्यतः त्याच्यावरचं वजन आणि आतली हवा ठरवतात. गाडीचं वजन तेच, हवेचा दाब तोच, तर टेकणारा तुकडाही साधारण तेवढाच, तळहाताएवढा. रुंद टायरमध्ये तो आडवा पसरतो आणि लांबीला आखूड होतो. पावसात नेमकं हेच महागात पडतं, कारण तेवढ्याच वेळात जास्त रुंदीचं पाणी बाजूला सारावं लागतं. ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगतो. टायरवरची नक्षी सारखीच खोल असेल तर बारीक टायर पाणी लवकर कापतो. कोकणात जूनमध्ये गाडी चालवणाऱ्यांना हे सांगावं लागू नये.

‘आरामात बसतो’ याबद्दल एवढंच, की दुकानात गाडी जॅकवर असते, चाक सरळ असतं आणि आत कुणी बसलेलं नसतं. बसणारच. आमच्या सोसायटीत एका गाडीला असेच टायर आहेत. तिचं स्टिअरिंग पूर्ण वळवून चाकाच्या कमानीत डोकावलात तर आतल्या काळ्या प्लास्टिकवर एक गुळगुळीत, चकचकीत पट्टा दिसतो, आणि त्याच्या कडेला रबराचा चुरा. एका जागी प्लास्टिक आरपार गेलंय. मालक म्हणतो, फक्त यू-टर्नला आणि मागे तिघं बसले तर स्पीडब्रेकरला आवाज येतो. ‘फक्त’! चाळीस मिमी जास्त रुंदी, त्यातली साधारण अर्धी आत सस्पेन्शनकडे जाते, अर्धी बाहेर मडगार्डकडे. मॅगव्हीलचा ऑफसेट, म्हणजे चाक गाडीला जिथे बसतं ती जागा रिमच्या मध्यापासून किती आत-बाहेर आहे ते, वेगळा असेल तर हे वाटपही बिघडतं. शिवाय २०५ च्या टायरला निदान साडेपाच इंच रुंद रिम लागते. अरुंद रिमवर चढवला तर तो चढेल, पण फुग्यासारखा मधोमध फुगेल आणि वळणात त्याची भिंत लोळेल.

गाडी उंच होते, हे खरंय. फरकाच्या निम्मी, म्हणजे १४ मिमी. खड्ड्याला त्याने काय फरक पडतो ते तुम्हीच ठरवा.

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट म्हणजे हाताला काय जाणवतं ती. पार्किंगमध्ये स्टिअरिंग जड होतं. रस्त्याला लांबलचक चर असले, डांबराचा जोड असला, की रुंद टायर त्याच्या मागे जायला बघतो आणि गाडी हलकेच एका बाजूला ओढली जाते. पहिल्या आठवड्यात ‘काय मस्त रोड प्रेझेन्स’ म्हणणारा माणूस महिन्याभराने अलाइनमेंटच्या, म्हणजे चाकं सरळ रेषेत करून घ्यायच्या, रांगेत उभा असतो. अलाइनमेंट ठीकच असतं.

विमा नि वॉरंटी यावर फार लिहीत नाही. गाडीत बदल केला तर विमा कंपनीला कळवायचा असतो, आणि बेअरिंग किंवा सस्पेन्शनची तक्रार घेऊन गेलात की सर्व्हिसवाला आधी टायरकडे बोट दाखवणार.

‘कंपनी पैसे वाचवते’, हे पहिलं वाक्य मात्र मी खोडणार नाही. वाचवतेच. खालच्या व्हेरिएंटला बारीक टायर देण्यात खर्चाचा भाग आहे, मायलेजच्या आकड्याचाही आहे. पण त्याच कंपनीने त्याच स्विफ्टच्या वरच्या व्हेरिएंटला १८५/६५ आर१५ दिलाय. त्याची उंची काढा: ६२१.५. चौदाच्या चाकापेक्षा दोन मिलिमीटरचासुद्धा फरक नाही! रुंदी २० मिमी वाढली, रिम एक इंचाने वाढली, भिंत तेवढी कमी केली, आणि चाकाची उंची जिथल्या तिथे. सुई बरोबर, ओडोमीटर बरोबर, कमानीत जागा आहे हे कंपनीने तपासलेलं. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक स्टिकर असतं, त्यावर टायरचा साइज आणि हवेचा दाब छापलेला असतो. गाडीच्या पुस्तकातही असतो. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांपैकी किती जणांनी ते दार उघडून वाचलंय?

भाच्याला तेच सांगितलं. हौस आहे ना, मग चारही १८५/६५ आर१५ घे, वरच्या व्हेरिएंटच्याच रुंदीच्या नि ऑफसेटच्या रिमवर, आणि लोड इंडेक्स ८५ च्या खाली जाऊ देऊ नकोस. ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. दुकानदार ‘सगळे सारखेच असतात’ म्हणाला तर दुसरं दुकान बघ.

त्याने विचारलं, मग स्टेपनी? या पोरालाही जे सुचलं ते मेसेजवाल्याला सुचलं नाही. चौदाची जुनी स्टेपनी १८५/६५ आर१५ च्या जोडीला पंक्चरच्या दुकानापर्यंत सावकाश नेता येते, कारण उंची जुळते. २०५ च्या जोडीला पुढे लावलीत, तर एक चाक दुसऱ्यापेक्षा २८ मिमी बुटकं, आणि वळणात दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारं डिफरन्शियल सरळ रस्त्यावरसुद्धा सतत राबत राहणार. पाचवा २०५ घेतलात तरी तो डिकीतल्या चौदाच्या खळग्यात बसतो का, हे शनिवारी पैसे देण्याआधी दुकानातच ठेवून बघायचं.